चला, सहकुटुंब विज्ञान केंद्र पाहू या

— ऊस विकास अधिकारी



अभ्यास दौरा हा शब्द आपल्याला नवा नाही. कधी मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, कधी पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र, कधी राहुरीचे कृषी विद्यापीठ. दौऱ्याहून आल्यावर पट्टा पद्धत, बेणेप्रक्रिया, ठिबक यांची चर्चा चार दिवस पारावर रंगते. चांगलेच आहे. पण दौऱ्याला जातो कोण? घरचा कर्ता पुरुष. जिच्या हातून बेणे सोलले जाते, खताची पाटी सरीत फिरते, ती माउली घरीच. म्हातारी माणसे घरीच. मुले शाळेत.

मुलांचे म्हणाल तर त्यांची शाळेची सहल निघते. दोन-तीन बसगाड्या, दीडशे पोरे, हातात शिट्टी घेतलेले गुरुजी, आणि दोन तासांत सगळे पाहून पुन्हा गाडीत. मुले आनंदाने येतात, पण काय पाहिले ते सांगायला घरी कोणी तयार नसते, कारण घरच्या कोणी ते पाहिलेलेच नसते.

याचा परिणाम हळूहळू होतो. मुलाला वाटू लागते की विज्ञान म्हणजे पुस्तकातले, मार्कांचे, शहरातले. आपला बाप रोज मोटर चालवतो, खत पाण्यात विरघळवून सोडतो, उसाची पक्वता ओळखतो, त्यात विज्ञान आहे हे त्याच्या गावीही नसते. परगावी कोणी विचारले, "वडील काय करतात?" तर पोरगा मान खाली घालून म्हणतो, "काही नाही, शेती करतात." हे "काही नाही" आपल्याला फार महागात पडते आहे. म्हणून या अंकात लागवडीचा विषय बाजूला ठेवून एका वेगळ्या विषयावर लिहीत आहे. वर्षातला एक दिवस काढा आणि सगळे घर घेऊन विज्ञान केंद्र पाहायला जा.

कोठे जावे?

आपल्या महाराष्ट्रात विज्ञान केंद्रांची उणीव नाही. मुंबईला वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ साली पूर्ण स्वरूपात सुरू झाले. नागपूरचे रामन विज्ञान केंद्र १९९२ चे. पण केडगावहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे म्हणजे चिंचवडचे पिंपरी-चिंचवड सायन्स पार्क. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका आणि राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद यांनी मिळून ते उभे केले आणि २०१३ साली ते लोकांसाठी खुले झाले. चिंचवडला ऑटो क्लस्टरजवळ ते आहे. ऊर्जा, मोटार उद्योग, गमतीचे विज्ञान अशी दालने आत आहेत, बाहेर मोकळ्या आवारात मुलांनी हाताळायची उपकरणे आहेत, आणि लागूनच तारांगण आहे.

संग्रहालय आणि विज्ञान केंद्र यांत एक मोठा फरक आहे. संग्रहालयात "हात लावू नये" अशी पाटी असते. विज्ञान केंद्रात हात लावल्याशिवाय काही कळतच नाही. चाक फिरवा, दोर ओढा, बटण दाबा, कान लावा. आपल्या शेतकऱ्याला हीच रीत मानवते. आपण तरी दुसरे काय करतो? ढेकूळ हातात घेऊन फोडून पाहतो तेव्हाच वाफसा आहे की नाही ते सांगतो.

जायचे कसे? केडगावहून पुणे सुमारे १२० किलोमीटर. स्वतःची गाडी असेल तर सुपे, शिरूर, रांजणगाव करून शिक्रापूरला या. तेथून उजवीकडे वळून चाकण, मोशी, भोसरीमार्गे चिंचवड गाठता येते. सरळ वाघोलीवरूनही जाता येते. दोन्हीकडे वाहनांची गर्दी असतेच, तेव्हा पहाटे सहाच्या आत निघालेले बरे. एस.टी.ने जाणाऱ्यांनी पुण्यात शिवाजीनगरला उतरावे. तेथून पिंपरीपर्यंत मेट्रो जाते, पुढे रिक्षा. मुलांना मेट्रोची सफर होते तो निराळाच आनंद. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना २०२२ पासून तिकीटच नाही. म्हणजे "म्हातारीला कशाला खर्चात पाडता" ही सबब राहिली नाही. आधारकार्ड तेवढे बरोबर ठेवा. आठ-दहा घरे मिळून जाणार असाल तर आगारात जाऊन प्रासंगिक करारावर पूर्ण एस.टी. घेता येते.

केंद्राची वेळ, तिकीट आणि साप्ताहिक सुट्टी यांची चौकशी आदल्या दिवशी दूरध्वनीवरून जरूर करा. शंभर किलोमीटर जाऊन बंद दारापुढे उभे राहण्यात अर्थ नाही. तारांगणाच्या खेळाची वेळही तेव्हाच विचारून घ्या.

केव्हा जावे?

हा प्रश्न ऊस विकास अधिकाऱ्यालाच विचारला पाहिजे! जुलै-ऑगस्टमध्ये आडसाली लागवडीची घाई. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूर्वहंगामी. पुढे तोडणी सुरू झाली की टोळी कधी येईल याचा नेम नाही, आणि उसाला तोड असताना घर सोडू नये हे आपण जाणताच. माझ्या मते दोन वेळा योग्य. एक, दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे दिवस, पूर्वहंगामी लागण उरकली असेल तर. दुसरी, ऊस गेल्यानंतर खोडव्याची बुडखे छाटणी, पाचट आच्छादन आणि पहिला खताचा हप्ता झाल्यावरचे मार्च-एप्रिलमधले रविवार.

आता खरी अडचण. दावणीला दोन गाई आहेत, सकाळ-संध्याकाळ धार काढायची आहे, पाण्याची पाळी आहे, आणि वीज कधी दिवसा तर कधी रात्री. सगळे घर गेले तर पाहायचे कोणी? यावर आपल्याच वाडवडिलांचा उपाय आहे, तो म्हणजे सावड. चार घरांनी सावड करावी. या रविवारी दोन घरे जातील, राहिलेली दोन घरे त्यांच्या धारा काढतील, मोटर पाहतील. पुढल्या रविवारी उलट. बैलाची सावड होते, खुरपणीची होते, तर सहलीची का होऊ नये?

बरोबर भाकरी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याचा मोठा जार घ्या. खर्च वाचतो आणि पोट बिघडत नाही. आणखी एक सूचना. आपल्याकडे सहल म्हणजे एका दिवसात सहा ठिकाणे अशी समजूत आहे. जाताना एक देऊळ, येताना दुसरे, मध्ये बाजार, आणि विज्ञान केंद्राला मिळतो पाऊण तास. तसे करू नका. येताना रांजणगावच्या महागणपतीचे दर्शन वाटेवरच आहे, तेवढे घ्या. बाकी सारा दिवस केंद्राला द्या. किमान चार तास.

जाण्यापूर्वी एक वही करा

दोन दिवस आधी रात्रीच्या जेवणाला बसल्यावर घरातील प्रत्येकाने एक प्रश्न सांगावा आणि मुलांनी तो वहीत लिहावा. प्रश्न आपल्या घरातला, रानातला असावा. मे महिन्यात पंप पाणी का सोडतो? दूध उतू जाते, पाणी का जात नाही? मोटरीच्या पेटीला मातीत गाडलेली तार कशासाठी? आईचा प्रश्न हवा, आजीचा हवा. मुलीचा तर हवाच. मुलगी आहे म्हणून ती घरी गाई सांभाळील असे ठरवून टाकू नका. वही हाती असली की माणूस नुसता हिंडत नाही, शोधत हिंडतो.

तेथे काय पाहावे?

सगळी उपकरणे सांगत बसत नाही. कोणत्याही विज्ञान केंद्रात बहुधा सापडणारी पाच-सहा तत्त्वे आणि त्यांचे आपल्या शिवारातले नाते तेवढे सांगतो. ते नाते मुलांना तेथला मार्गदर्शक सांगणार नाही. तुम्हीच सांगायचे आहे.

कप्पी आणि तरफ : मोकळ्या आवारात बहुतेक ठिकाणी कप्प्यांचे झोपाळे असतात. एका कप्पीने स्वतःला वर ओढणे जड जाते, जास्त कप्प्या असल्या की लहान मूलही स्वतःला उचलते. पण दोर मात्र जास्त ओढावा लागतो. निसर्ग फुकट काही देत नाही, जोर कमी तर दोर जास्त. येथे आजोबांना पुढे करा. मोट, नाडा, सोंदूर, धाव, थारोळे हे शब्द आजच्या मुलांनी ऐकलेले नाहीत. मोटेचे चाक म्हणजे स्थिर कप्पी. ती जोर कमी करत नाही, फक्त दिशा बदलते. म्हणूनच धाव उताराची ठेवीत, म्हणजे बैल उतरताना त्यांचे वजनही कामी येई. आजोबांनी हे एकदा सांगितले की नातू त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहील.

हवेचा दाब : हे उपकरण दिसले तर तेथे अर्धा तास थांबा. विहिरीवरचा पंप पाणी "ओढतो" असे आपण म्हणतो. खरे पाहता पंप आपल्या तोंडाशी पोकळी करतो, आणि विहिरीतल्या पाण्यावर बाहेरची हवा जो दाब देते त्या दाबाने पाणी पाइपातून वर ढकलले जाते. हवेचा दाब समुद्रसपाटीला सुमारे १०.३ मीटर उंचीचे पाणी तोलून धरतो. आपले नगर साडेसहाशे मीटर उंचावर, म्हणजे येथे साडेनऊ मीटरच्या आसपास. पाइपातील घर्षण, सांध्यातून शिरणारी हवा वगैरे वजा जाता प्रत्यक्षात सहा-सात मीटर, म्हणजे वीस-बावीस फूट. पाणी त्याखाली गेले की पंप कितीही अश्वशक्तीचा आणा, तो पाणी सोडणारच. मोठी मोटर घेण्याऐवजी पंप खाली उतरवणे हा उपाय. पाणबुडी मोटर पाण्यातच बसून वर ढकलते, म्हणून तिला ही अडचण नाही.

यातली गंमत पुढेच आहे. सतराव्या शतकात इटलीतील पंप करणाऱ्या कारागिरांना हाच अनुभव आला होता, की चौतीस फुटांच्या वर पाणी काही केल्या चढत नाही. १६३८ साली गॅलिलिओने आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली. त्याचा शिष्य टॉरिसेली याने १६४३ साली पाण्याऐवजी जड पारा घेऊन नळी उलटी केली, तेव्हा पारा सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबला. त्यातून वायुभारमापक जन्मला आणि पुढे हवामानाचे शास्त्र वाढले. म्हणजे हा शोध निघाला तो पाणी वर काढणाऱ्या कारागिरांच्या अडचणीतून. तुमच्या वहीतला "पंप पाणी का सोडतो" हा प्रश्न त्याच जातकुळीचा आहे. हे मुलाला जरूर सांगा.

पोकळीतले उकळणे : हवेचा दाब कमी केला की पाणी कमी उष्णतेवर उकळते. गुऱ्हाळाच्या काहिलीत गूळ उतरवताना पाक ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. आपल्या कारखान्यात मात्र व्हॅक्यूम पॅनमध्ये पाक साधारण साठ-सत्तर अंशांवरच उकळत असतो. म्हणून साखर करपत नाही, पांढरी राहते. १८१३ साली इंग्लंडात हॉवर्ड याने ही युक्ती काढली. तुमच्या उसाची साखर अशी होते हे घरातल्या किती जणांना ठाऊक आहे?

फिरणाऱ्या वस्तू : फिरत्या पाटावर बसून हात पसरले की वेग मंदावतो, हात जवळ घेतले की वाढतो. मुले यावरून उतरायला तयार नसतात. फिरणारी वस्तू बाहेर फेकली जाऊ पाहते, हे तेथे अंगाने कळते. कारखान्यातले सेंट्रिफ्युगल यंत्र याच तत्त्वावर मळी बाहेर फेकते आणि साखर जाळीवर ठेवते. विहिरीवरच्या पंपाचा पंखाही पाणी असेच बाहेर फेकतो.

हवेवर तरंगणारा चेंडू : खालून हवेचा झोत येतो आणि चेंडू अधांतरी तरंगतो, तिरका केला तरी पडत नाही. झोताचा वेग वाढला की तेथला दाब कमी होतो, बाजूची हवा चेंडूला आत धरून ठेवते. याचाच भाऊ तुमच्या ठिबक संचावर बसला आहे, व्हेंच्युरी. इटलीच्या व्हेंच्युरी यांनी १७९७ साली हे मांडले. नळी मध्ये अरुंद केली की पाणी तेथे जोरात धावते, दाब घटतो आणि बादलीतले विद्राव्य खत आपोआप आत खेचले जाते. संचाला पुरेसा दाब नसला तर व्हेंच्युरी खत घेत नाही, त्याचे कारण येथे उमगेल.

प्रकाशाचे वाकणे : पाण्यातली पेन्सिल मोडल्यासारखी दिसते. पाण्यात साखर जितकी जास्त तितका प्रकाश अधिक वाकतो. आमचे कृषी सहायक तुमच्या उसात येऊन कांड्याला भोक पाडतात, रसाचा थेंब काचेवर ठेवून डोळ्याला नळी लावतात, ते हात-रिफ्रॅक्टोमीटर म्हणजे हेच. ब्रिक्स १८ च्या वर आला की ऊस तोडणीला आला असे धरतो. पुढच्या वेळी कर्मचारी आले की मुलांनाही त्यातून पाहू द्या म्हणावे. नाही म्हणणार नाहीत.

सावधगिरीचे दोन शब्द

केस उभे करणारे स्थिर विजेचे एक उपकरण काही केंद्रांत असते. ते मार्गदर्शकांच्या सांगण्यावरूनच हाताळावे, आणि हृदयाला पेसमेकर बसवलेल्या माणसाने त्यापासून दूर राहावे. मात्र ते पाहायला विसरू नका. ढगातली वीज हीच, फक्त राक्षसी. वळवाच्या पावसात झाडाखाली उभे राहू नये, हे शंभरदा सांगून न ऐकणारा मुलगा तेथे एका ठिणगीत शिकेल. मोटरीच्या पेटीला अर्थिंग का हवे तेही तेथेच समजावून द्या. ओल्या रानात रात्री पाणी धरणाऱ्या माणसाचा जीव त्या एका तारेवर असतो.

मुलाने चुकीचे उत्तर दिले तर हसू नका. आपल्याला उत्तर येत नसेल तर "चल, विचारू" म्हणा. बाप विचारतो हे पाहिले की मूल विचारायला शिकते.

ज्यांना चिंचवड जमणार नाही त्यांच्यासाठी

जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. कल्याण रोडने भाळवणी, टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा आणि पुढे नारायणगाव असे जाता येते. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. आपल्या हिशेबात सांगायचे तर एका तबकडीच्या तोंडाचे क्षेत्र पावणेसोळा गुंठे, आणि तीसही मिळून पावणेबारा एकर! पत्रा न वापरता तारेच्या जाळीच्या केल्या, म्हणून वजन आणि खर्च दोन्ही वाचले. आकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओ लहरी त्या गोळा करतात. विज्ञान केंद्राच्या आवारात समोरासमोर दोन तबकड्या असतात, एकीत कुजबुजले की लांबच्या दुसरीत ऐकू येते, तेच हे तत्त्व. मोबाइलच्या लहरींनी त्या कामात अडथळा येतो, म्हणून तेथे मोबाइल बंद ठेवावा लागतो.

सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी आपला शोध जाहीर केला. त्याची आठवण म्हणून १९८७ पासून २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन पाळला जातो. त्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते, शाळाशाळांची मुले आपापली उपकरणे मांडतात. एरवी जायचे तर आधी परवानगीची चौकशी करावी. फेब्रुवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम, हे खरे. पण एक दिवस सावडीने निघू शकतो. आणि त्या दिवसांत तोडणीच्या टोळ्या आपल्याच शिवारात असतात. गाडीत दोन जागा राहिल्या तर कोप्यांवरची दोन मुले, त्यांच्या आई-बापांना विचारून, बरोबर घ्या. त्यांची शाळा तर आपल्या उसापायीच बुडालेली असते.

परत आल्यावर

सहल परतीच्या गाडीत संपू नये. आठ दिवसांच्या आत मुलांकडून एक काम करून घ्या. पंपापासून विहिरीतल्या पाण्यापर्यंत दोर सोडून उंची मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. दर महिन्याला एकदा मोजा. वर्षाअखेर तुमच्या विहिरीचा आलेख तयार होईल. कोणत्या महिन्यात पंप उतरवायचा, खोडवा किती ठेवायचा, ते त्यावरून ठरवता येईल. असा हिशेब ज्या घरात मुलगा किंवा मुलगी ठेवते, त्या घरात पाण्याचा निर्णय अंदाजाने होत नाही. माती परीक्षणाचा नमुनाही मुलांच्या हातून काढून घ्या. नमुना कसा घ्यायचा ते गट कार्यालयात दाखवू.

ज्या मुलामुलींनी सहलीनंतर आपल्या वहीत काही लिहिले असेल त्यांनी ती वही गट कार्यालयात अवश्य आणून दाखवावी. प्रश्न असले तर फारच चांगले. आम्हाला येतील त्यांची उत्तरे देऊ, येणार नाहीत ती मिळून शोधू.

असो. उसाला पाणी, खत, औषध वेळेवर द्या हे सांगणे माझे नित्याचे काम आहे. घरच्या पोरांनाही वेळेवर काही द्यावे लागते, ते पुढे ढकलले तर हुकलेली पाळी परत येत नाही. यंदा दिवाळीच्या आत चार घरे बसून सावड ठरवा, वही विकत आणा आणि तारीख नक्की करा. पुढच्या खेपेला कोणी तुमच्या मुलाला "वडील काय करतात?" असे विचारले तर त्याने मान वर करून सांगावे, "शेती करतात. आणि पंप पाणी का सोडतो ते त्यांनीच मला समजावून दिले."